मिरचीची पानं पुन्हा पुन्हा मुरडतात? फवारणीचा पंप उचलण्याआधी हे तपासा

घरच्या मिरचीबद्दल मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न एकच: "पानं मुरडलीत, काय मारू?" काय मारायचं हा शेवटचा प्रश्न आहे. चुरडा-मुरडा, बोकड्या अशा नावांनी ओळखला जाणारा हा प्रकार म्हणजे एकच एक रोग नव्हे. पान मुरडायला कमीत कमी सात-आठ कारणं आहेत. त्यातल्या काहींना औषध लागत नाही, काहींवर औषधच नाही, आणि एका कारणात चुकीचं औषध मारलं तर दुखणं वाढतं.

म्हणून आधी लक्षणं. आपल्या झाडाचा एक शेंडा हातात धरा आणि यातलं काय जुळतं ते बघा.

- भर दुपारी पानं गुंडाळतात, सूर्य कलला की पुन्हा सरळ होतात.
- सगळं झाड मरगळलेलं, पानं खाली वळलेली, आणि कुंडीतली माती मात्र ओली.
- पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालंय. शिरांच्या मधल्या भागात चंदेरी किंवा तपकिरी ओरखडे.
- कडा खालच्या बाजूला वळल्यात. नवं पान अरुंद आणि कडक, देठ नेहमीपेक्षा लांब, पानाची खालची बाजू तांबूस, तेलकट चमक असलेली. शेंडा जागच्या जागी थांबलेला, कळ्या गळतायत.
- शेंडा चिकट लागतो, मुंग्या वर-खाली करतायत.
- पानं लहान आणि वर वळलेली, शिरा किंवा कडा पिवळ्या, दोन पेरांमधलं अंतर कमी झाल्याने झाड झुडपासारखं खुजं.
- पानं गर्द हिरवी, जाड, फुगवटे आलेली, पण झाड जोमात वाढतंय.
- नवी पानं दोरीसारखी पिळलेली किंवा पट्टीसारखी अरुंद, शिरा जवळजवळ समांतर. शेजारचा टोमॅटो किंवा वालही तसाच वाकडा.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. किडीने किंवा रोगाने एकदा वाकडं झालेलं पान पुन्हा सरळ होत नाही. उपाय लागू पडला की नाही हे जुन्या पानांकडे बघून कधीच कळणार नाही. शेंड्याच्या लगेच खाली खोडाला रंगीत दोरा सैल बांधून ठेवा. दोऱ्याच्या वर येणारी पानं उपायानंतरची. फक्त तीच बघायची. दोरा नसला की माणूस चार दिवसांनी त्याच जुन्या पानांकडे बघून घाबरतो आणि दुसरं औषध आणतो.

पहिली तपासणी: वेळ आणि पाणी

यात पैसे जात नाहीत, म्हणून ही पहिली. दुपारी मुरडलेलं झाड सकाळी उन्हं चढण्याआधी पुन्हा बघा. सकाळी पानं सपाट असतील तर झाड फक्त उन्हापासून स्वतःला वाचवतंय. पान गुंडाळलं की उन्हाला तोंड देणारा पृष्ठभाग कमी होतो आणि पाणी कमी उडतं. तापमान ३५ अंशांच्या पुढे गेलं की निरोगी मिरचीसुद्धा असं करते. दुपारपुरती सावली, मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन, एवढं पुरतं. कुंडी काळी आणि लहान असेल तर मुळंच भाजतात, ती मोठ्या कुंडीत हलवा. एका मिरचीला निदान १२ इंची कुंडी हवी. हाबानेरो, भूत जोलकिया, कॅरोलिना रीपर अशा जहाल जातींना त्याहून मोठी दिली तर त्या उपकार मानतात.

मग मातीत बोट घाला, दोन पेरं. आत कोरडं लागलं तर पाणी द्या. आत ओलं असूनही झाड मलूल असेल तर पाणी बंद. हे कळायला अवघड जातं, कारण पाणी कमी झालेलं झाड आणि जास्त झालेलं झाड लांबून सारखंच दिसतं. पाण्याने गच्च मातीत मुळांना हवा मिळत नाही, मुळं कुजायला लागतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. म्हणजे झाड पाण्यात उभं राहून तहानतं, आणि आपण त्याला आणखी पाणी पाजतो. कुंडी उचलून तिच्या वजनाचा अंदाज घ्यायची सवय लावली तर बोटही घालावं लागत नाही. खालचं भोक बंद तर नाही ना, तेही एकदा काडी घालून बघा.

दुसरी: जात आणि खत

वर सांगितलेल्या जहाल जाती कॅप्सिकम चायनेन्स या प्रजातीच्या. त्यांची पानं मुळातच रुंद, थोडी सुरकुतलेली, पृष्ठभागावर उंचसखल. पहिल्यांदाच लावणारा माणूस ती शेजारच्या साध्या मिरचीशी ताडून बघतो आणि रोग समजतो. झाड वाढतंय, नवं पान जुन्याएवढंच मोठं होतंय, रंग एकसारखा आहे, तर काही करू नका.

गर्द हिरवी, फुगलेली पानं आणि फुलांचा पत्ता नाही, असं असेल तर नत्र जास्त झालंय. दर आठवड्याला काही ना काही खत घालणाऱ्यांच्या बागेत हे हमखास दिसतं. महिनाभर खत थांबवा. कोवळी, रसरशीत, नत्राने फुगलेली पालवी माव्याला (रस शोषणाऱ्या बारीक किडीला) फार आवडते, त्यामुळे हा हात आखडला की पुढची एक कटकटही कमी होते.

कॅल्शियम कमी पडलं तरी नवी पानं चुरगळतात, पण तेव्हा बहुधा फळाच्या टोकाला दबलेला काळा-तपकिरी डागही येतो. हे सहसा मातीत कॅल्शियम नसल्यामुळे होत नाही. पाणी कधी भरपूर, कधी अजिबात नाही, अशा वागण्याने ते झाडात वर चढत नाही. अंड्याची टरफलं टाकून आठवड्यात फरक पडण्याची वाट बघू नका. टरफलं विरघळायला फार काळ लागतो. पाण्याची वेळ नियमित करा.

तिसरी: पान उलटून बघणं आणि पांढरा कागद

इथून किडीचा भाग सुरू होतो. बरेच जण विचारतात की मिरची एवढी तिखट, तर किडे तिला खातातच कसे? तिखटपणा देणारं कॅप्सेसिन फळात तयार होतं, तेही मुख्यतः बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात. पान आणि शेंडा किडीच्या दृष्टीने साधी भाजीच.

पान उलटा. हिरवे-काळे, सुईच्या टोकाएवढे गोलसर किडे झुंडीने बसलेले दिसले तर मावा. झाड हलवल्यावर पांढरी पिसं उडाल्यासारखं झालं तर पांढरी माशी. मुंग्या दिसल्या तर मावा आहेच असं समजून शोधा. माव्याच्या अंगातून पाझरणारा गोड रस मुंग्या खातात आणि बदल्यात माव्याची राखण करतात, त्याला खाणारे ढालकिडे हाकलून लावतात. मुंग्यांची वाट बंद केल्याशिवाय मावा आटोक्यात येत नाही.

मावा असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने शेंडे खालच्या बाजूने धुवा. एका हाताने शेंड्याला आधार द्या, नाहीतर तोच मोडेल. खाली पडलेला मावा क्वचितच परत चढतो. तीन-चार दिवस सलग धुतलं की बहुतेक वेळा काम होतं.

काहीच दिसत नसेल तर शेंड्याखाली पांढरा कागद धरून शेंड्यावर टिचकी मारा. कागदावर मिलिमीटरभर लांबीचे, पिवळट, काडीसारखे किडे चालताना दिसले तर ते फुलकिडे. उमललेल्या फुलातही टिचकी मारून बघा, तिथे ते लपलेले असतात. हे पानाचा पृष्ठभाग खरवडून रस शोषतात. खरवडलेला भाग वाढत नाही, बाकीचं पान वाढत राहतं, म्हणून पान वर वळतं. चंदेरी ओरखडे त्याच खरवडण्याचे.

फुलकिड्यांना निंबोळी तेल चालतं, पण ते नीट मारलं तर. एक लिटर कोमट पाण्यात आधी एक-दोन मिलिलिटर सौम्य द्रव साबण, मग ५ मिलिलिटर तेल, आणि मिश्रण दुधाळ होईपर्यंत हलवायचं. कपडे धुण्याची पावडर नको, तिने पानं करपतात. संध्याकाळी फवारायचं, आणि पानाच्या खालून. वरून मारलेली फवारणी म्हणजे पानांना आंघोळ, किड्यांना काही नाही. आधी एका फांदीवर मारून दुसऱ्या दिवशी पान भाजलं नाही ना ते बघा.

एका फवारणीने संपत नाही, आणि याचं कारण माहीत असेल तर कंटाळा येत नाही. फुलकिड्यांची अंडी पानाच्या पेशींच्या आत घातलेली असतात, तिथे फवारा पोचत नाही. पुढे कोषावस्थेत बरेचसे मातीत किंवा पडलेल्या पाल्यात उतरतात, तिथेही पोचत नाही. म्हणून चार-पाच दिवसांच्या अंतराने सलग तीनदा. जोडीला कुंडीतला पडलेला पाला, गळालेली फुलं रोज उचलून टाका. निळे किंवा पिवळे चिकट सापळे लावा, पण त्यांनी कीड संपेल अशी आशा ठेवू नका. सापळ्याचा खरा उपयोग म्हणजे संख्या वाढतेय की घटतेय ते कळणं.

चौथी: भिंग

कडा खाली वळल्यात, शेंडा थांबलाय, आणि कागदावर काहीच पडत नाही? लोक इथे सगळ्यात जास्त चुकतात. डोळ्यांना काही दिसत नाही म्हणून खताची कमतरता समजतात, किंवा थेट विषाणू समजून झाड उपटतात. बहुतेक वेळा गुन्हेगार असतो पिवळा कोळी. कोळी म्हटलं तरी जाळं विणणारा तो लाल कोळी नव्हे. हा जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटरचा, जाळं न करणारा. नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. २० पट मोठं दाखवणारं छोटं भिंग घ्या, मोबाइलच्या कॅमेऱ्याला लावायचं असेल तरी चालेल. सगळ्यात कोवळ्या, अजून पुरत्या न उलगडलेल्या पानाची खालची बाजू बघा. जुन्या पानावर शोधू नका, तो तिथून कधीच निघून गेलेला असतो. पारदर्शक, लंबगोल अंडी आणि त्यांच्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा दिसल्या की शंका उरत नाही.

उबदार, दमट हवेत याची अंड्यापासून प्रौढापर्यंतची वाढ आठवड्याच्या आत होते. म्हणून "परवापर्यंत चांगलं होतं" ही तक्रार खरी असते. त्याच्या लाळेने कोवळ्या पेशी बिघडतात, आणि सगळे कोळी मेल्यावरही काही आठवडे पानं वाकडीच येऊ शकतात. दोऱ्याची खूण इथे सगळ्यात जास्त कामाला येते.

आणि सुरुवातीला म्हटलं तो चुकीच्या औषधाचा धोका इथलाच. पिवळा कोळी हा कीटक नाही, नात्याने तो घरातल्या जाळं विणणाऱ्या कोळ्यांकडचा आणि विंचवांकडचा. फुलकिड्यांसाठी म्हणून आणलेली बरीच कीटकनाशकं त्याला मारत नाहीत, पण त्याला खाणारे मित्रकीटक आणि भक्षक कोळी मात्र मारतात. मग रान मोकळं. "औषध मारल्यावर जास्तच मुरडलं" असं कोणी म्हटलं की मी आधी भिंग काढायला सांगतो.

उपाय असा: सगळ्यात बिघडलेले शेंडे कापा, तिथेच पिशवीत घालून तोंड बांधा, कंपोस्टमध्ये टाकू नका. हात आणि कात्री धुवा. मग पाण्यात मिसळणारं गंधक, म्हणजे ८० टक्क्यांची भुकटी, लिटरला २ ते ३ ग्रॅम घेऊन शेंड्यांवर आणि पानांच्या खालून फवारा. गंधकाचा अंड्यांवर फारसा परिणाम होत नाही, म्हणून पाच ते सात दिवसांनी पुन्हा. दोन पथ्यं कडक: तापमान ३२ अंशांच्या वर असताना गंधक मारायचं नाही, आणि निंबोळीसह कुठलंही तेल मारल्यापासून दोन आठवडे मारायचं नाही. ही दोन एकत्र आली की पानं भाजतात, आणि मग ते भाजणं कशाचं हे शोधत बसावं लागतं.

जिवापाड जपलेलं एखादंच लहान झाड असेल तर गरम पाण्याचाही उपाय आहे. ४३ ते ४९ अंश तापमानाच्या पाण्यात १५ मिनिटं शेंडे बुडवून ठेवले की हे कोळी मरतात. थर्मामीटर हवाच, अंदाजाने करायचं काम नाही. मी ४५ च्या वर जात नाही, आणि आधी एका फांदीवर करून बघायला सांगतो.

पाचवी: तणनाशक

फार जण इथपर्यंत विचारच करत नाहीत. पानं पट्टीसारखी, पिळलेली, आणि मिरचीसोबत टोमॅटो, वालही वाकडे, तर आजूबाजूला कोणी तणनाशक मारलंय का ते विचारा. २,४-डी सारख्या तणनाशकाचे तुषार वाऱ्याबरोबर बऱ्याच लांब जातात. आपलाच पंप आधी तणासाठी वापरलेला असेल तर तोही आरोपी. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. धुऊन वापरण्यावर भरवसा ठेवू नका.

दुसरी वाट खताची. काही तणनाशकं गवतातून जनावराच्या पोटात आणि तिथून शेणखतात जशीच्या तशी उतरतात. शंका असेल तर दोन कुंड्या घ्या, एकीत ते खत मिसळलेली माती, दुसरीत साधी, दोन्हींत वाल किंवा वाटाणा पेरा. तीन-चार आठवड्यांत खताच्या कुंडीतलीच रोपं वाकडी आली तर उत्तर मिळालं. तुषार थोडे लागले असतील तर झाड सावरतं. खतातूनच आलं असेल तर माती बदलावी लागते.

सहावी: विषाणू

वरचं काहीच जुळत नाही, भिंगातही काही नाही, पानं लहान होत चाललीत, पिवळेपणा शिरांना धरून किंवा हिरव्या-पिवळ्या ठिगळांसारखा पसरलेला, आणि झाड खुजं? मग बहुधा विषाणू. पर्णगुच्छाचा (लीफ कर्लचा) विषाणू पांढरी माशी आणते, काकडीच्या मोझॅकचा मावा आणतो, तंबाखूच्या मोझॅकचा बियाण्यातून, कात्रीवरून आणि आपल्या हातांवरूनही येतो. तंबाखू किंवा विडी-सिगारेट हाताळलेली असेल तर साबणाने हात धुतल्याशिवाय मिरचीला हात लावू नका.

यावर औषध नाही. "विषाणूवर रामबाण" म्हणून विकलं जाणारं काहीही विकत घेऊ नका. झाड उपटून, पिशवीत बांधून बाहेर. हे सांगणं सोपं, करणं अवघड, कारण जहाल जातींची बी उगवायलाच कधी कधी महिना जातो, पुढे फळ पिकेपर्यंत आणखी तीन-चार महिने. पण एक झाड ठेवण्याच्या हट्टात माशी आणि मावा तिथून उरलेल्या सगळ्या झाडांवर जातात. मी उपटतो.

मात्र ही तपासणी शेवटी आहे ती मुद्दाम. कोळ्याने मुरडलेली, वाचू शकणारी कितीतरी झाडं विषाणूच्या नावाखाली उपटली जातात.

बरं होऊन पुन्हा का येतं

बहुधा तीन वाटांनी. मिरची बहुवर्षायू आहे, म्हणून गेल्या हंगामातलं छाटून ठेवलेलं जुनं झाड कीड सांभाळत बसतं आणि नव्या रोपांना देतं. दुसरं, विकत आणलेलं रोप त्याच दिवशी बाकीच्यांच्या शेजारी जातं. त्याला दोन आठवडे वेगळं ठेवा आणि भिंगाने बघा. तिसरं, शेजारची वांगी, टोमॅटो, वाल आणि कुंड्यांमधलं तण, यांच्यावर हीच मंडळी राहतात. पिवळा कोळी तर पांढऱ्या माशीच्या पायाला धरून या झाडावरून त्या झाडावर प्रवास करतो. पानाला पान लागेल इतक्या जवळ कुंड्या ठेवल्या तर त्याला माशीचीही गरज नाही.

कुठे थांबायचं

किडीचा योग्य उपाय वेळापत्रकाप्रमाणे पूर्ण केला, तीन आठवडे थांबलात, आणि दोऱ्याच्या वरची पानंही वाकडीच येतायत, तर आणखी काही फवारू नका. तिसरं-चौथं औषध एकात एक मिसळणं तर मुळीच नको. कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र किंवा वनस्पती रोगनिदान प्रयोगशाळेला दाखवा. विषाणू नक्की कोणता हे प्रयोगशाळेतच कळतं, डोळ्यांनी नाही. एकाच आठवड्यात अर्ध्याहून अधिक झाडं मुरडली, किंवा तणनाशकाचा दाट संशय असेल, तर तीन आठवडेही थांबू नका.

जहाल रासायनिक औषध वापरायची वेळ आलीच असं वाटलं तर तेही जाणकाराला विचारूनच. फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस जायला हवेत ते औषधाच्या वेष्टनावर लिहिलेलं असतं, आणि घरची मिरची आपण येता-जाता तोडून खातो. फवारताना किंवा नंतर गरगरलं, मळमळलं, डोळ्यांची आग झाली तर कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि औषधाचं वेष्टन बरोबर घेऊन डॉक्टरकडे जा.

तज्ज्ञाकडे जाताना वाळलेलं एखादं पान नेऊन उपयोग नाही. सकाळी तोडलेला ताजा शेंडा, कोवळी आणि मधली पानं देठासकट, कोरड्या कागदात गुंडाळून न्या. ओल्या प्लास्टिकमध्ये तो वाटेतच कुजतो. झाडाचा पूर्ण फोटो, पानाच्या खालच्या बाजूचा जवळून काढलेला फोटो, आणि काय, किती, कुठल्या तारखेला फवारलं याची यादी सोबत ठेवा. सगळ्यात आधी ती यादीच मागितली जाते.